गिअरची तार की गिअरची बॅटरी?

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्याकडे, नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे किंवा कोल्हापूरहून पन्हाळ्याच्या वाटेने निघालेल्या सायकलस्वारांत अलीकडे व्यापारी घरांतील मंडळी बरीच दिसतात. पन्नास-साठ किलोमीटरची फेरी मारायची, स्नान-पूजा आटोपायची आणि दहाच्या ठोक्याला गादीवर हजर व्हायचे, असा त्यांचा क्रम. पहिली सायकल बहुधा बेताच्या किमतीची असते. तिच्यावर घरात कोणी आक्षेप घेत नाही, कारण व्यायाम करा असे डॉक्टरांनी सांगितलेलेच असते. वाद होतो तो दुसऱ्या सायकलीच्या वेळी. मुलगा दुकानातून दोन कोटेशन आणतो. दोन्हींवर फ्रेम एकाच कंपनीची, चाके सारखी, रंगही तोच. आकड्यांत मात्र लाखाच्या आसपासचा फरक. वडील चष्मा सारखा करून विचारतात, "हा फरक कशाचा?" मुलगा सांगतो, "पप्पा, याचे गिअर इलेक्ट्रॉनिक आहेत." "मग काय, चढावर पाय मारावे लागत नाहीत?" घरात हशा पिकतो, मुलगा वरमतो आणि मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात अडाणीपणाही नाही. फरकाच्या रकमेने नेमके काय हाती येते, हे विचारण्याची सवय ज्या घराला आहे त्या घरात तो विचारला जाणारच. आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा मुलालाही नीट ठाऊक नसते, कारण त्याने ते सोबतच्या मित्राच्या सायकलवर पाहिलेले असते.

सायकलच्या व्यवहारात 'ग्रुपसेट' या एका शब्दात अनेक वस्तू येतात. हँडलवरच्या ब्रेक-गिअरच्या मुठी, पेडलची क्रँक आणि तिच्यावरील दोन दातेरी चकत्या, मागच्या चाकावरील बारा चकत्यांची कॅसेट, चेन, ब्रेक, आणि चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे पुढचा व मागचा असे दोन डिरेलर. जपानच्या शिमानो कंपनीचा '१०५' हा संच हौशी सायकलस्वारांत सर्वाधिक परिचित. तो आज तारेचा आणि विजेचा अशा दोन्ही रूपांत मिळतो, म्हणून तुलनेला तोच सोयीचा. या दोन रूपांत क्रँक एकच आहे. कॅसेट एकच, चेन एकच, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकही एकच. गिअरची संख्या तितकीच, वजनातही डोळ्यांत भरेल असा फरक नाही. निराळे आहे ते एवढेच की, बोटाने दिलेली आज्ञा डिरेलरपर्यंत कशी पोहोचते. एकात मुठीतली पोलादी तार ओढली जाते आणि मागच्या स्प्रिंगच्या विरोधात डिरेलरला सरकवते. दुसऱ्यात बोट बटण दाबते, बिनतारी संदेश जातो आणि डिरेलरमधली लहानशी मोटर ते काम करते. पाय दोन्हींत तितकेच मारावे लागतात. लाखाचा फरक आहे तो या एका आज्ञेच्या वाटेत. सायकल त्यामुळे जोरात पळत नाही, चढ सोपा होत नाही आणि ब्रेकही अधिक खात्रीचे होत नाहीत. हे वडिलांना स्पष्ट सांगितलेले बरे.

मग इतक्या मोठ्या कंपन्यांनी यावर वर्षानुवर्षे परिश्रम का केले असावेत? त्याचे उत्तर पायांत नसून बोटांत सापडते.

इटलीत एक कथा सांगितली जाते. १९२७ च्या नोव्हेंबरात तुल्लिओ कांपान्योलो नावाचा तरुण सायकलपटू क्रोचे दाऊने या घाटात शर्यतीत होता. त्या काळी गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरून, मागचे चाक काढून, ते उलट बाजूने बसवावे लागे. बर्फ पडत होता, बोटे गारठली होती आणि चाकाचे विंगनट काही केल्या फिरेनात. तिथून त्याच्या मनाने घेतले की ही यंत्रणा बदलली पाहिजे. १९३३ मध्ये त्याने व्हिचेन्झा या गावी आपल्या नावाचा कारखाना काढला आणि पुढील अर्धशतक शर्यतीच्या सायकलींवर त्याच नावाचे राज्य राहिले. कथेच्या तपशिलांवर इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. परंतु गिअर बदलण्याच्या साऱ्या विद्येचे मूळ थकलेल्या, बधिर झालेल्या बोटांत आहे, एवढे तरी तिच्यातून उमजते.

या विद्येला विरोधही कमी झाला नाही. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांचे मत असे की, बदलते गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. आज बॅटरीच्या गिअरला नाके मुरडणारे लोक जे बोलतात ते जवळजवळ हेच असते, आणि ज्या तारेच्या डिरेलरच्या बाजूने ते बोलतात तोच एकेकाळी लाडावलेल्यांची चैन ठरला होता.

पुढचा प्रवास जपानचा. ओसाकाजवळचे साकाई हे गाव चाकू-सुऱ्यांच्या लोहारकामासाठी पूर्वापार नावाजलेले. तिथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी लहानसा कारखाना घातला आणि सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरुवात केली. १९८४ मध्ये या कंपनीने 'कट्' असा आवाज करून एकेक पायरी बदलणारा गिअर शर्यतीच्या सायकलीवर आणला. त्याआधी तार किती ओढायची हे स्वाराने अंदाजाने ठरवायचे असे. १९९० मध्ये गिअरची कळ ब्रेकच्या मुठीत आली आणि हँडलवरचा हात खाली फ्रेमच्या नळीपर्यंत नेण्याची गरज संपली. विजेचा प्रयोग मात्र प्रथम फ्रान्सच्या माविक कंपनीने केला, १९९० च्या दशकात. कल्पना उत्तम होती. पण पावसात तिचा भरवसा वाटेना, आणि ती मागे पडली. शिमानोने २००९ मध्ये आपला विजेचा संच बाजारात आणला तो टिकला. २०१५ मध्ये अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने तारच काढून टाकून पूर्ण बिनतारी संच दिला. २०२१ मध्ये शिमानोने आपल्या सर्वांत वरच्या दोन संचांच्या नव्या आवृत्त्या केवळ विजेच्याच काढल्या. २०२२ मध्ये '१०५' लाही वीज आली. तारेचे '१०५' संपले, अशी चर्चा सुरू झाली असतानाच २०२३ मध्ये कंपनीने त्याची बारा गिअरची तारेची आवृत्तीही बाजारात ठेवली. तारेला अजून गिऱ्हाईक आहे, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याची गरज नाही.

वरच्या दर्जाला पर्याय नाही, मधल्या दर्जाला आहे; अशी ही आजची स्थिती. म्हणून जो खरोखर निवड करू शकतो तो हा मधला गिऱ्हाईकच.

निवड करताना प्रथम गिअर पाहू नये, फ्रेम पाहावी. हे वाक्य उलटे वाटेल. पण अलीकडच्या रोड बाइकमध्ये वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून सगळ्या तारा आणि ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आतून, पुढच्या बेअरिंगमधून, फ्रेमच्या पोटातून नेतात. दिसायला सायकल फार सुरेख दिसते. ब्रेकच्या नळीत द्रव असतो, त्याला वळणांचे काही वाटत नाही. गिअरच्या तारेला मात्र प्रत्येक वळणावर घर्षण होते. जुन्या, बाहेरून तार नेणाऱ्या फ्रेमवर जो तारेचा गिअर लोण्यासारखा चालत असे, तोच नव्या फ्रेमच्या अरुंद वळणांत जड होतो, आणि साधी तार बदलायची तर मेकॅनिकला अर्धी सायकल उघडावी लागते. काही फ्रेममध्ये तर तारेची सोयच ठेवलेली नसते. त्यामुळे बाहेरून, किंवा निदान सरळ वाटेने, तार जाणारी फ्रेम असेल तर तारेचा गिअर घ्यावा. सगळे काही पोटात गडप झालेली फ्रेम मनात भरली असेल, तर तिला विजेचा गिअरच शोभतो. सुंदर फ्रेमही हवी आणि तारेची काटकसरही हवी, असा आग्रह धरला तर दोन्हीकडचा त्रास वाट्याला येतो. दुकानदार हे आपणहून सांगेलच असे नाही.

आता तारेचे आयुष्य. ज्यांनी कधी ती बदलली नाही त्यांना वाटते की तार म्हणजे तार, ती काय बिघडायची? प्रत्यक्षात मागच्या डिरेलरची तार मुठीच्या आत एका लहान चकरीभोवती सतत वाकते आणि सरळ होते. तिचे बारीक धागे एकेक करून तुटू लागतात. पहिली खूण अशी की, गिअर बदलायला किंचित आळस येतो. बटण दाबले तरी चेन क्षणभर घुटमळते. स्वार ते ताण कमी झाल्याचे समजून बाहेरची छोटी फिरकी फिरवत राहतो. मग एके दिवशी, आणि तो दिवस हमखास घाटातला असतो, 'टक' असा आवाज येतो आणि मूठ सैल पडते. तुटलेले डोके आणि धाग्यांचा गुंता मुठीत अडकला, तर चिमट्याने तो उपसण्यात मेकॅनिकची अर्धी सकाळ जाते. तो आत फार खोल गेला तर मूठच बदलावी लागते, आणि ती स्वस्त नसते.

हे सगळे टाळता येते, आणि थोडक्या खर्चात. तीन-चार हजार किलोमीटर झाले की तार तुटण्याची वाट न पाहता बदलून घ्यावी, असे जाणते मेकॅनिक सांगतात. आठवड्याला साठ किलोमीटर करणाऱ्याचे वर्षाला तीन हजार होतात. म्हणजे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वही बदलण्याच्या सुमारास तारही बदलली तर लक्षात राहायला सोपे. चिखल आणि बारीक रेती पावसात आवरणाच्या नळीत शिरलेली असते, म्हणून आवरणही सोबत बदलावे. नव्या तारेचे आवरण पहिले काही दिवस बसते आणि ताण थोडा सैल पडतो. तेव्हा फिरकीचा एखादा वळसा द्यावा लागतो. हे काम घरच्या घरी, एका एलन कीने, पंधरा वर्षांचा मुलगा शिकू शकतो.

आणि तुटलीच तर? मागची तार तुटली की स्प्रिंग डिरेलरला सर्वांत लहान चकतीवर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर नेऊन सोडते. खंबाटकी किंवा पसरणीच्या चढावर ही शिक्षाच. पण डिरेलरवरचा मर्यादेचा स्क्रू आत पिळून चेन एक-दोन चकत्या वर ढकलता येते, आणि पुढे लहान चकती लावली की गावापर्यंत पोहोचता येते. तालुक्याच्या गावी साध्या गिअरच्या सायकलीला लागणारी तार असतेच. तिचे डोके बहुधा त्याच मापाचे असते आणि वेळ भागते. ज्या मिस्त्रीने '१०५' हे नाव कधी ऐकलेले नाही, तोही ती बसवून देतो. तारेच्या बाजूने एवढा भक्कम मुद्दा दुसरा नाही.

बॅटरीचे दुखणे निराळ्या जातीचे आहे. '१०५' च्या विजेच्या संचात मुख्य बॅटरी फ्रेमच्या सीटखालच्या नळीत लपलेली असते आणि तिथून दोन्ही डिरेलरना वायर जाते. मुठी तेवढ्या बिनतारी असतात आणि त्यांत नाण्यासारखे छोटे सेल असतात. एका चार्जिंगवर सायकल सुमारे हजार किलोमीटर चालते. साठ किलोमीटरच्या रविवारांनी मोजले तर ही तीन-चार महिन्यांची निश्चिंती झाली. आणि धोका नेमका तिथेच आहे. मोबाइल रोज संपतो म्हणून तो चार्ज करण्याचे कोणी विसरत नाही. जी वस्तू चार महिन्यांतून एकदा आठवायची असते ती विसरली जाते. बॅटरी उतरू लागली की दिवा इशारा देतो. त्याकडे दुर्लक्ष झाले तर आधी पुढचा डिरेलर काम थांबवतो आणि उरलेली शक्ती मागच्यासाठी राखतो. कारभार बुडत असताना देणी कोणत्या क्रमाने चुकवावीत याचा विचार केल्यासारखी ही रचना आहे. शेवटी मागचाही थांबतो आणि चेन ज्या चकतीवर असेल तिथेच राहते.

चार्जिंगची केबल ही यातली दुसरी गोची. तिचे एक टोक साधे यूएसबीचे, परंतु सायकलला लागणारे टोक त्या कंपनीचेच. प्रवासात ती घरी राहिली तर शेजारच्या खोलीतल्या कोणाचाही मोबाइल चार्जर कामाला येत नाही. स्रॅमच्या संचात बॅटऱ्या डिरेलरवरच बाहेरून बसतात, हाताने निघतात, आणि पुढची मागे लावता येते. एक जादा बॅटरी खिशात टाकली की चिंता मिटली. या एका बाबतीत स्रॅमची पद्धत अधिक व्यवहारी म्हणावी लागेल.

चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी. त्या चार महिन्यांत सायकल भिंतीला टेकून उभी राहणार. तारेच्या सायकलीला त्याचे काही वाटत नाही. चेनला तेलाचे बोट लावले, टायरमध्ये हवा भरली की ती पुन्हा निघाली. लिथियमची बॅटरी मात्र पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली तर कायमची खराब होऊ शकते. ती साधारण निम्मी भरून ठेवावी आणि मध्ये एकदा पाहावी. ज्या घरात दागिन्यांच्या कुलुपाची आठवण राहते त्या घरात ही राहायला हरकत नाही. पण ती कोण ठेवणार, हे आधीच ठरलेले बरे.

आणि पडझड. सायकल उजव्या बाजूला पडली की मागचा डिरेलर जमिनीला लागतो. तो ज्या अॅल्युमिनियमच्या छोट्या तुकड्यावर, म्हणजे हँगरवर, टांगलेला असतो तो आधी वाकतो किंवा मोडतो आणि पुढचे नुकसान वाचवतो. विजेच्या डिरेलरमध्ये धक्का बसताच मोटरने हात सोडून देण्याचीही सोय आहे. तरीही कधी डिरेलर फुटतोच. तारेचा मागचा डिरेलर हा संचातील किरकोळ खर्चात मोडतो. विजेचा त्याच्या कित्येक पट पडतो, कारण त्यात मोटर आहे. खरेदीच्या दिवशीचा फरक एकदाच द्यायचा असतो; हा फरक प्रत्येक पडण्याला द्यावा लागतो.

इतके वाचून विजेचा गिअर म्हणजे पैशाची उधळण, असा निष्कर्ष काढण्याची घाई होईल. ती करू नये. रोजच्या वापरात विजेचा संच तारेपेक्षा कमी लक्ष मागतो. त्यात ताण सैल पडत नाही, धागे तुटत नाहीत, आवरणात चिखल शिरण्याचा प्रश्न नाही. चेन मागे सरकली की पुढचा डिरेलर स्वतःच केसभर सरकून घासण्याचा आवाज बंद करतो; तारेवर हे बोटाने करावे लागते. बिनतारी संदेशात बाहेरून लुडबुड करता येते, असे २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले होते आणि कंपनीने सॉफ्टवेअर सुधारून दिले. पण रविवारच्या फेरीत कोणी असा उद्योग करणार नाही, तेव्हा ती भीती व्यावसायिक शर्यतींपुरतीच.

विजेची खरी गरज कोणाला, हे लांब पल्ल्याच्या सायकलिंगात दिसते. ब्रेव्हे नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रवासांत २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास अशी मुदत असते, आणि ठरलेल्या थांब्यांखेरीज बाहेरची मदत घ्यायची नाही असा दंडक. त्यावरचे ध्येय म्हणजे चार वर्षांतून एकदा होणारी १,२०० किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. हँडलवर तासन्‌तास भार पडून तळव्याची नस दबते, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. अशा हाताने पुढची चेन लहान चकतीवरून मोठीवर चढवायची, म्हणजे मूठ आडवी पार ढकलायची. कितीतरी जण दुसऱ्या दिवशी ते करूच शकत नाहीत आणि लहान चकतीवरच रखडतात. विजेच्या मुठीला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो, पहिल्या किलोमीटरला आणि सहाशेव्यालाही. १९२७ च्या त्या गारठलेल्या बोटांना खरे उत्तर मिळाले असेल तर ते इथे.

हीच गोष्ट संधिवाताच्या हातांची. साठीच्या पुढे सायकल धरणारे काका, अंगठ्याच्या सांध्याचे दुखणे असलेली काकी, लहान तळव्याची मुलगी, यांच्यासाठी तो लाख रुपयांचा फरक उधळण नव्हे. त्यांच्या बाबतीत तो सायकल चालवणे आणि सोडून देणे यांमधला फरक असतो. घराघरांत मात्र उलटे घडताना दिसते. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला विजेचे गिअर मिळतात आणि काकांना त्याची जुनी तारेची सायकल 'तुम्हाला काय, गावातल्या गावात फिरायचे' म्हणून दिली जाते. देग्रांज यांचे मत शर्यतीपुरते चुकीचे ठरले. घरातल्या या वाटणीपुरते ते ऐकण्यासारखे आहे.

चौविहार पाळणाऱ्यांना ब्रेव्हेत बहुधा २०० किलोमीटरच सोयीची; पहाटे निघून सूर्यास्तापूर्वी संपवता येते, रात्रीचा प्रश्न येत नाही. एवढ्या पल्ल्याला निरोगी बोटांना तार पुरेशी आहे. ती चांगली राखलेली असावी, एवढेच.

मग मुलाने काय घ्यावे? पहिली खरी रोड बाइक, वय तरुण, रविवारची फेरी आणि वर्षातून एखादी २०० ची ब्रेव्हे, असा बेत असेल तर तारेची. उरलेल्या पैशातला थोडा भाग सायकल अंगाला नीट बसवून घेण्यात आणि चांगल्या टायरांत घालावा. त्याचा लाभ पहिल्याच दिवसापासून जाणवतो, गिअरचा जाणवेलच असे नाही. सीटवर खर्च करतानाही एक पाहावे. ब्रुक्सच्या प्रसिद्ध सीटपैकी बऱ्याच चामड्याच्या असतात, काही हँडल-टेपही. रबर व सुती कापडाच्या सीट त्याच कंपनीत मिळतात, तेव्हा मागताना स्पष्ट सांगावे. ४०० आणि ६०० चे वेड लागले, किंवा बोटांनी तक्रार सुरू केली, की विजेकडे जावे आणि मग मागे पाहू नये. पण त्यासाठी जवळच्या शहरात, दीड-दोन तासांच्या अंतरावर, त्या संचाचे सुटे भाग ठेवणारा आणि तो उघडू जाणणारा मेकॅनिक असला पाहिजे. पुण्या-मुंबईत तो आहे. प्रत्येक तालुक्याला नाही.

ज्या घरात कोणी परिग्रहाचे परिमाण घेतले आहे तिथे सायकलची किंमतही त्या मर्यादेत मोजली जातेच. मात्र मोजताना नुसते कोटेशन धरून चालत नाही. तारेच्या सायकलीपुढे दरवर्षीच्या तारा आणि मेकॅनिकचे तास लिहावे लागतात. विजेच्या सायकलीपुढे एखादा फुटणारा डिरेलर आणि काही वर्षांनी थकणारी बॅटरी. शिवाय एक ओळ पैशात न लिहिता येणारी राहते: यातले काय घरात दुरुस्त करता येईल आणि कशासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागेल. सायकल जपणे हे यतनेतच येते. ज्याला जपायला वेळ नाही, पण चार महिन्यांतून एकदा चार्जिंगची आठवण ठेवता येते, त्याला वीज सोयीची. ज्याला रविवारी संध्याकाळी ओसरीवर बसून चेन पुसायला, तार तपासायला आवडते, त्याचा आनंद बॅटरीने कमी होईल.

कोटेशनवर होकार देण्यापूर्वी मागच्या डिरेलरची सुटी किंमत आणि तो मागवून बसवायला लागणारे दिवस दुकानदाराकडून लिहून घ्यावेत, आणि त्या फ्रेमचा एक जादा हँगर त्याच बिलात घालायला सांगावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असतो आणि नंतर तो मिळवताना दमछाक होते. तारेची सायकल घेतली तर सीटखालच्या पिशवीत एक गुंडाळलेली तार ठेवावी. विजेची घेतली तर चार्जिंगच्या केबलला घरात एक जागा ठरवून द्यावी, आणि ती जागा मुलाखेरीज आणखी एकाला तरी ठाऊक असावी.